एकशेवीसच्या वर नको

नांदगावच्या लंकाबाईंनी नवऱ्याचं ब्लडप्रेशर अकरा वर्षं खाली ठेवलं होतं. त्या आमच्या आयसीयूत आल्या तेव्हा आम्ही तेच प्रेशर वर चढवायला निघालो होतो, आणि त्यासाठी त्यांची सही मागत होतो.

मी प्रतिभा. नाशिकला द्वारका चौकाजवळच्या एका इस्पितळात सिस्टर आहे. सतरा वर्षं झाली, त्यातली बारा आयसीयूत. इथं जे सांगते आहे त्यातलं निम्मं मी डोळ्यांनी पाहिलं. उरलेलं लंकाबाईंनी लॉबीतल्या बाकावर बसून मला सांगितलं, तेही मी डबा खात असताना, माझ्या भाजीतलं मीठ चाखून बघत.

त्यांचे यजमान जयराम. घरची चार एकर शेती, कांदा आणि मका. आणि लग्नसराईत स्वतःचा बँड. जयराम ट्रम्पेट वाजवायचे. त्रेपन्नाव्या वर्षी एका हळदीच्या कार्यक्रमात सूर लांबवता लांबवता ते चक्कर येऊन नवरदेवाच्या अंगावर पडले. डॉक्टरांनी प्रेशर मोजलं, ते एकशेनव्वद भरलं. त्यांनी गोळी लिहून दिली आणि मीठ कमी करा, डोक्याला ताण नको, एवढं सांगून पुढच्या पेशंटला हाक मारली. डॉक्टरांचं काम तिथं संपलं. लंकाबाईंचं तिथं सुरू झालं.

पहिल्याच आठवड्यात त्यांनी जयरामांचा ट्रम्पेट काढून घेतला. फुंकायला जोर लागतो आणि जोर थेट डोक्यात जातो, असं त्यांचं म्हणणं होतं. जयरामांना सांगितलं, मालेगावला दुरुस्तीला दिलाय. प्रत्यक्षात तो जयरामांचा पुतण्या गोरक्ष याला दिला, वर नवं निकेल चढवून, म्हणजे ओळखू येऊ नये. तेव्हापासून जयराम आपल्याच बँडमध्ये खुळखुळा वाजवायला लागले. शेजारी गोरक्ष त्यांचाच ट्रम्पेट वाजवायचा आणि जयराम म्हणायचे, पोराचं वाद्य चांगलं आहे, आपल्यासारखाच आवाज देतं.

मनमाडहून प्रेशर मोजायचं मशीन आणलं. सकाळी, दुपारी, जेवल्यावर अर्ध्या तासाने असं रोज तीनदा मोजायचं. हळूहळू गल्लीतली माणसंही बाही वर करून दारात उभी राहायला लागली. गावात त्यांना प्रेशरबाई म्हणत. एकशेवीस-ऐंशी हा आकडा त्यांना पाठ होता, आणि त्याच्या वर जाणाऱ्या माणसाकडे त्या जरा संशयाने बघायच्या.

घराचे नियम त्या आकड्यावर बेतलेले होते. क्रिकेटच्या सामन्याची शेवटची पाच षटकं आली की टीव्ही बंद. निकाल सकाळी चहाबरोबर लंकाबाई सांगणार. त्या नेहमी 'जिंकलो' म्हणायच्या. जयरामांच्या हिशेबाने भारत कित्येक वर्षांत हरलेला नव्हता, आणि पारावर ते तसं बोलले की माणसं लंकाबाईंकडे पाहून गप्प बसायची. वाईट बातमी एकदम सांगायची नाही, टप्प्याटप्प्याने सांगायची, हाही नियमच. सटाण्याला जयरामांची थोरली बहीण वारली तेव्हा लंकाबाईंनी बातमीचे सात टप्पे पाडले. ताप आला, दवाखान्यात नेलं, सलाइन लावलं, असं दर तीन दिवसांनी एक. बहिणीच्या दहाव्याला जायला निघाले तेव्हा टप्प्यांनुसार ती अजून सलाइनवरच होती. उरलेले चार टप्पे मालेगाव ते सटाणा एवढ्या रस्त्यात उरकावे लागले.

"तरी एकशेतीसच्या वर गेलं नाय," त्या मला म्हणाल्या. गाडीतही त्यांनी मशीन नेलं होतं.

तर हे जयराम मे महिन्यात आजारी पडले. मूत्रपिंडातला खडा खाली सरकून नळीत अडकला, मागे लघवी तुंबली आणि त्यात जंतू वाढले. दोन दिवस हुडहुडी भरून ताप येत होता. तिसऱ्या दिवशी सकाळी लंकाबाईंनी मशीन लावलं तर चौऱ्याऐंशी आणि अठ्ठेचाळीस. एवढा लहान आकडा त्यांनी जन्मात पाहिला नव्हता.

"खोटं कशाला बोलू ताई, पह्यल्यांदा मला बरंच वाटलं," त्यांनी कबूल केलं. "म्हनलं, आली मेहनत फळाला."

मग त्यांनी खात्रीसाठी मशीनचे सेल बदलले. आकडा आणखी खाली आला. जयरामांचे हातपाय थंड पडले होते आणि ते बायकोला वहिनी म्हणून हाक मारत होते. गोरक्षने जीप काढली. नांदगावच्या डॉक्टरांनी सलाइन लावून तडक नाशिकचा रस्ता दाखवला.

आमच्याकडे आले तेव्हा दुपारचे बारा वाजले होते. डॉक्टर योगिनी ड्यूटीवर होत्या. सलाइनच्या बाटल्या धो धो गेल्या, अँटिबायोटिक पहिल्या तासातच सुरू झालं, पण प्रेशर काही उठेना. जंतूंचं विष रक्तात भिनलं की शरीरातल्या रक्तवाहिन्या ढिल्या पडतात. रक्त असतं, हृदयही धडपडत असतं, पण वाहिन्यांत दाबच राहत नाही. मेंदूला, मूत्रपिंडाला रक्त पोचत नाही. याला आम्ही शॉक म्हणतो. अशा वेळी नॉरॲड्रिनॅलिन नावाचं औषध पंपावर लावतात. एक सिरिंज यंत्रात बसवायची, यंत्र थेंबथेंब औषध आत ढकलत राहतं आणि वाहिन्या आवळल्या जातात. थांबायला वेळ नव्हता म्हणून हातातल्या शिरेतून आम्ही ते सुरू केलंच. पण हातात ते फार काळ ठेवता येत नाही. बाहेर गळलं तर कातडी काळी पडते. मानेतल्या मोठ्या शिरेत नळी घालावी लागते, आणि तिच्यासाठी नातेवाइकांची सही.

डॉक्टर योगिनी कागद घेऊन बाहेर गेल्या, मी बरोबर. त्यांनी लंकाबाईंना सगळं नीट समजावलं आणि शेवटी म्हणाल्या, "मावशी, या औषधाने काकांचं प्रेशर वाढेल."

लंकाबाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं.

"वाढंल म्हनजे?"

"वाढवायचंच आहे."

"मॅडम, अकरा वर्षं झाली," लंकाबाई म्हणाल्या. "मी ह्यांना पापड दिला नाय. आन् तुम्ही मानेत भोक पाडून वाढवणार?"

डॉक्टर योगिनी हुशार आहेत, पण या प्रश्नाचं उत्तर कुठल्या पुस्तकात नव्हतं. त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. लंकाबाईंनी पुन्हा पहिल्यापासून ऐकलं आणि मान हलवली. शेवटी मी मध्ये पडले. मी येवल्याकडची, शेतकऱ्याच्याच घरातली. मी त्यांना विचारलं, तुमच्याकडे ठिबक आहे ना? होतं. म्हटलं, मोटर चालू आहे, विहिरीत पाणीही आहे, पण पाइप उन्हाने फुगून सैल पडलाय. शेवटच्या रोपाला पाणी पोचेल का? आता पाइप आवळायचा आहे, शेवटच्या रोपापर्यंत पोचेल एवढाच. पाइप ज्याने सैल झाला त्या घाणीचा बंदोबस्त अँटिबायोटिक करेल आणि खड्याचे डॉक्टर करतील. तोवर बाग वाळता कामा नये.

त्यांनी पेन पुन्हा उचललं. मग विचारलं, कुठपर्यंत आवळणार? डॉक्टर म्हणाल्या, सरासरी पासष्ट राहिली की पुरे. पासष्ट हा आकडा ऐकून लंकाबाईंना हायसं वाटलं. सरासरी म्हणजे वरच्या आणि खालच्या आकड्यांमधला आकडा, वरचा त्याहून बराच मोठा असतो, हे मी तेव्हा मुद्दाम सांगितलं नाही. त्यांनी कागद पुढे ओढला, सही केली आणि सहीच्या वर ठळक अक्षरात लिहिलं: 'एकशेवीसच्या वर नको.'

तो कागद आजही आमच्या रेकॉर्डमध्ये आहे. रेकॉर्ड खात्यातल्या माणसाने दुसऱ्या दिवशी फोन करून विचारलं होतं, ही अट कुणी मंजूर केली. डॉक्टर योगिनींनी सांगितलं, आम्ही सगळ्यांनी.

दुपारीच खड्याच्या डॉक्टरांनी लघवीच्या नळीत स्टेंट, म्हणजे वाट मोकळी ठेवणारी बारीक पोकळ नळी, बसवून तुंबलेली घाण मोकळी केली. तरी संध्याकाळपर्यंत नॉरॲड्रिनॅलिन तासाला चौदा मिलीपर्यंत चढवावं लागलं आणि जोडीला दुसरंही एक औषध लावावं लागलं. लंकाबाई काचेतून बघत होत्या. दोन पंप दिसल्यावर त्यांनी मला खुणेने विचारलं, दोन? मी मान हलवली. त्या बाकावर जाऊन बसल्या आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. हट्ट संपून भीती सुरू झाली होती, ते मला लांबूनही दिसलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी लॉबीत गडबड झाली. बघते तर आमचा दारावरचा वॉचमन ताठ उभा राहून सॅल्यूट ठोकत होता आणि समोरून लाल कोट, खांद्यावर सोनेरी झालर, डोक्यावर तुरेवाली टोपी घातलेली चार माणसं येत होती. गोरक्ष आणि बँडची मंडळी. आडगावच्या एका लॉन्सवरची वरात संपवून तसेच आले होते. वॉचमनला वाटलं, कुठल्या तरी खात्याचे मोठे साहेब आहेत. त्याने पासही विचारला नाही, उलट लिफ्ट धरून ठेवली. खरं कळल्यावरही तो बिचारा त्यांना शेवटपर्यंत सॅल्यूट करत राहिला, कारण एकदा केलेला सॅल्यूट मागे कसा घ्यायचा हे त्याला कळेना.

अकरा वाजता भेटायची वेळ. एकाच माणसाला, दहा मिनिटं. लंकाबाई आत आल्या. जयराम डोळे मिटून पडलेले, तोंडावर ऑक्सिजनचा मास्क. हाक मारली की नुसतं हूं करत. लंकाबाईंनी आधी त्यांची बोटं तपासली. या औषधाने कधी कधी बोटं काळीनिळी पडतात, हे मी त्यांना सांगितलं होतं. बोटं ठीक होती. मग त्यांनी मॉनिटरकडे पाहिलं, खुर्ची उशाशी ओढली, नवऱ्याच्या कानाशी वाकल्या आणि स्वच्छ आवाजात म्हणाल्या:

"अहो, आपल्या वरच्या बांधाचा दोन हात तुकडा तुमच्या चुलतभावानं खाल्लाय. चार वर्षं झाली."

मी चार्ट भरत होते, माझं पेन थांबलं. लंकाबाई पुढे बोलत राहिल्या. खळ्याजवळचा आंबा वादळाने पडला नव्हता, तारा ओढायला आलेल्या माणसांनी तोडला होता. ट्रम्पेट दुरुस्तीला नाही, गोरक्षच्या तोंडाला आहे. खुळखुळ्यातले निम्मे दाणे मीच काढले, हलवताना दम लागू नये म्हणून. आणि भारत पुष्कळदा हरला आहे.

मी त्यांना हळूच विचारलं, हे काय चाललंय. त्यांना माझ्या प्रश्नाचंच नवल वाटलं. ज्या ज्या गोष्टीने यांचं प्रेशर वाढलं असतं ती प्रत्येक मी राखून ठेवलेली आहे, त्या म्हणाल्या. आज गरज आहे तर वापरायची नाही का? तुम्ही तुमचं औषध चालू ठेवा, मी माझं देते.

गंमत अशी की सरासरी बासष्टवरून सदुसष्टवर गेली. तासाभराने आम्ही पंप चौदावरून बारावर आणला. डॉक्टर योगिनींचं म्हणणं, स्टेंट बसला, घाण निघाली, अँटिबायोटिक लागू पडलं, लघवी सुरू झाली. हे अपेक्षितच होतं. मलाही ते पटत होतं. पण संध्याकाळच्या भेटीत लंकाबाईंनी ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत जयरामांना खरोखर किती मतं पडली होती ते सांगितलं आणि सरासरी बहात्तर झाली, तेव्हा मी चार्टमध्ये आकडा लिहिला आणि कारणाची जागा कोरी ठेवली.

तिसऱ्या दिवशी दुसरं औषध बंद झालं, नॉरॲड्रिनॅलिन आठवर आलं. लंकाबाई अकराला आत आल्या त्या जरा खाली मान घालूनच. अकरा वर्षांचा साठा संपला होता. उरलेल्या बातम्या किरकोळ होत्या, म्हैस दूध कमी देते वगैरे. नेमकी त्याच वेळी पंपातली सिरिंज संपत आली. सिरिंज बदलताना आम्ही जपतो, पण हे औषध असं आहे की क्षणभर धार तुटली तरी शरीराला कळतं. सरासरी पासष्टवरून एकोणसाठ, मग चौपन्न. मॉनिटर ओरडायला लागला. मी नवीन सिरिंज बसवली, औषध पुन्हा शिरेपर्यंत पोचायला थोडा वेळ लागणार होता. लंकाबाईंना यातलं काही माहीत नव्हतं. त्यांना फक्त चौपन्न दिसत होते आणि सांगायला काही शिल्लक नव्हतं.

"बँड मोडला," त्या नवऱ्याच्या कानात म्हणाल्या. "समदं सामान इकलं. कोटसुद्धा."

साठ. सहासष्ट. बहात्तर. आणि जयरामांनी डोळे उघडले. मास्कच्या आतून, तीन दिवसांत पहिल्यांदाच स्पष्ट शब्द आले.

"कोणी मोडला?"

लंकाबाई खुर्चीतून उठल्या, पुन्हा बसल्या, मग माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली. डॉक्टर योगिनी धावत आल्या तेव्हा त्यांनी मॉनिटर पाहिला, पंप पाहिला, सिरिंज बदलल्याची वेळ पाहिली आणि समाधानाने मान हलवली. लंकाबाईंनीही तशीच मान हलवली. दोघींनाही आपण बरोबर होतो हे कळलं होतं. 

पण यातून वेगळंच त्रांगडं उभं राहिलं. बांध, आंबा, ट्रम्पेट, क्रिकेट, त्यातलं एक अक्षर जयरामांच्या कानात शिरलं नव्हतं. शिरली ती एकच खोटी गोष्ट. शुद्ध आली तसं त्यांचं टुमणं सुरू झालं. कोटसुद्धा विकले? मोठा ढोल कुणी घेतला? मला उठवा, मी बघतो एकेकाला. लंकाबाई म्हणाल्या, अहो ते मी उगाच बोलले. जयरामांनी तोंड फिरवलं. उगाच बोलायचा तुझा स्वभाव नाही, ते म्हणाले. अकरा वर्षांत तू मला एक खोटा शब्द सांगितलेला नाहीस.

लंकाबाई उठल्या. त्या बाहेर येऊन बाकावर बसल्या आणि पहिल्यांदाच रडल्या. मी पाणी दिलं. त्या म्हणाल्या, "खरं सांगितलं ते ऐकलं नाय. आन् खोटं बोलले तर शपथेवर घेतलं. आता काय करू, ताई?"

बँड दाखवण्यापलीकडे उपाय नव्हता. डॉक्टर योगिनींनी आधी साफ नाही म्हटलं. दुपारपर्यंत जयरामांनी मास्क दोनदा काढून फेकल्यावर त्यांनी परवानगी दिली: उद्या सकाळी, पाच मिनिटं, काचेच्या बाहेर, आवाज अजिबात नाही.

चौथ्या दिवशी दहा वाजता लाल कोट पुन्हा आले. वॉचमनने सॅल्यूट केला. आम्ही जयरामांचा पलंग डोक्याकडून उंच केला. काचेपलीकडे गोरक्षने ट्रम्पेट ओठांना लावला आणि गाल फुगवले, पण फुंकला नाही. क्लॅरिनेटवाल्याची बोटं भोकांवरून सरसर फिरली. ढोलवाल्याने टिपरू उगारलं आणि कातड्याच्या बोटभर वर थांबवलं, पुन्हा उगारलं, पुन्हा थांबवलं. चौथा खुळखुळा हलवायचा, पण आवाज होईल अशी त्याला भीती होती म्हणून त्याने तो रुमालात गुंडाळून हलवला. एसी असूनही चौघांना घाम फुटला होता. लॉबीतले इतर पेशंटचे नातेवाईक उठून उभे राहिले. एका आजोबांनी टोपी काढली. सगळीकडे शांतता, फक्त मॉनिटरची टिकटिक.

जयराम डोळे बारीक करून बघत होते. मिनिटभराने त्यांनी मास्क बाजूला केला.

"ढोलवाला मागं पडतोय," ते म्हणाले.

मी बाहेर जाऊन ढोलवाल्याला तसं सांगितलं. तो ओशाळला. म्हणाला, त्यांचं नेहमीचंच आहे, पण खरं असतं. त्याने हात थोडा उचलून धरला. आत जयरामांची बोटं चादरीवर ठेका धरायला लागली. डॉक्टर योगिनी पंपापाशी उभ्या होत्या. दोन मिली, एक, आणि मग त्यांनी तो बंद केला. सरासरी अठ्ठ्याहत्तर. वरचा आकडा एकशेसव्वीस होता. लंकाबाईंनी तो वाचला, डॉक्टरांकडे पाहिलं, आणि चालेल अशा अर्थी मान डोलावली.

आठव्या दिवशी जयराम घरी गेले. जाताना डॉक्टरांनी बजावलं, प्रेशरची जुनी गोळी आत्ता नको, महिनाभराने बघू.

महिन्याने ते स्टेंट काढायला आले. माझी ड्यूटी संपली होती, मी खाली ओपीडीत गेले. जयराम बरेच वाळले होते पण बोलत होते. त्यांचं प्रेशर एकशेचौतीस भरलं. डॉक्टर योगिनींनी गोळी अर्धी सुरू केली. मग त्यांना काय वाटलं कोण जाणे, त्या लंकाबाईंना म्हणाल्या, मावशी, तुमचं कधी मोजलंय?

लंकाबाईंनी आठवून पाहिलं. घरात मशीन आलं त्या दिवसापासून गावातल्या दोन-अडीचशे दंडांना त्यांनी तो पट्टा बांधला होता. स्वतःच्या नाही. मोजायला दुसरं कुणी नव्हतं, त्या म्हणाल्या.

एकशेअठ्ठ्याहत्तर निघालं. त्यांनी मशीन बिघडलंय असं सांगितलं. दुसरं आणलं, एकशेशहात्तर. दुसऱ्या हातावर, तेवढंच. डॉक्टर गोळी लिहायला लागल्या तेव्हा लंकाबाई कागदाकडे असं बघत होत्या, जणू तो दुसऱ्याच कुणाचा आहे. जयरामांनी तो हातात घेतला, नीट घडी घातली आणि आपल्या खिशात ठेवला.

परवा मी फोन केला होता. जयरामांनीच घेतला. लंकाबाई कांदा साठवायच्या चाळीत होत्या. गोळी घेतात का, मी विचारलं. घेते, ते म्हणाले, पण अर्धी थुंकते असा मला वहीम आहे. मी सांगितलं, घेतल्यावर पाणी प्यायला लावा आणि तोंड उघडून दाखवायला सांगा. ते जरा घुटमळले. म्हणाले, सिस्टर, हे तिला तुम्ही सांगाल का? मी फोन चालू ठेवला आणि ते लंकाबाईंना बोलवायला चाळीकडे गेले.